घर मोडल्यानंतरचें व्यसन

दारूबंदीवर निबंध लिहावयास सांगितला असतां आपण बहुतेक सारे एकाच वाटेनें जातों. एक सुखी कुटुंब असतें, घरधनी वाईट संगतीनें गुत्त्याची पायरी चढतो, पगार उडतो, बायकोच्या अंगावरचे दागिने सावकाराकडे जातात, आणि शेवटीं घराला कुलूप लागतें. ही कथा खोटी आहे असें कोणी म्हणणार नाहीं. गिरणगांवांतल्या चाळींनीं ती असंख्य वेळां पाहिली आहे. परंतु तींत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही कीं, घर आधीं होतें आणि दारू मागाहून आली. जगांत आज अशीं कोट्यवधि माणसें आहेत कीं, ज्यांच्या बाबतींत हा क्रम उलटा झालेला आहे. युद्धामुळें व छळामुळें घरदार सोडून परागंदा झालेल्या लोकांची संख्या २०२४ च्या अखेरीस बारा कोटींच्या वर गेली होती. घर, शेत, गुरें, शेजार हें सर्व त्यांच्यापासून आधींच हिरावलें गेलें. दारू किंवा अफू त्यानंतर, रिकाम्या झालेल्या जागेंत येऊन बसली. 'व्यसनानें घराचा नाश होतो' असें सांगणाऱ्या उपदेशकाजवळ अशा माणसाला सांगण्यासारखें काय असतें, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. त्यासाठीं दोन देशांची हकीकत येथें देतों. पहिलीचा विस्तार अधिक होईल, कारण तींत आपल्या ओळखीचें पुष्कळ आहे.

पूर्व आफ्रिकेंत युगांडा नांवाचा देश आहे. त्याच्या उत्तर भागांत, सध्यांच्या दक्षिण सुदानच्या सरहद्दीला लागून, अचोली लोकांची वस्ती आहे. गुलू हें त्यांचें मुख्य शहर. १९८६ सालीं योवेरी मुसेवेनी यांनीं युगांडाची सत्ता हातीं घेतली आणि त्या पाठोपाठ उत्तरेंत बंडाळी माजली. थोड्याच काळांत त्या बंडाचें पुढारपण जोसेफ कोनी नांवाच्या माणसाकडे गेलें. त्याच्या सैन्यांत स्वखुशीनें कोणी येईना, म्हणून त्यानें मुलें पळविण्याचा क्रम आरंभिला. वीस वर्षांच्या अवधींत वीस हजारांहून अधिक मुलें-मुली अशा रीतीनें पळविलीं गेलीं. सूर्य मावळूं लागला कीं खेड्यापाड्यांतील मुलें चटया बगलेंत मारून कित्येक मैल चालत शहराकडे निघत, आणि इस्पितळांच्या व्हरांड्यांत, देवळांच्या आवारांत, बसच्या तळावर झोंपून सकाळीं परत फिरत. ही रात्रीची यात्रा अत्यंत भरांत होती तेव्हां त्यांची संख्या चाळीस हजारांच्या आसपास असे. तेथील मुख्य धर्माध्यक्ष जॉन बॅप्टिस्ट ओडामा यांनीं २००३ सालीं कांहीं रात्री त्या मुलांबरोबर उघड्यावर निजून काढल्या, तेव्हां कोठें बाहेरच्या जगाचें लक्ष तिकडे वळलें.

१९९६ च्या अखेरीस सरकारनें खेड्यांतील लोकांना घरें सोडून 'संरक्षित गांवां'त राहावयास येण्याचा हुकूम केला. नांव संरक्षित गांव. वस्तुतः ती छावणी. लष्कराच्या ठाण्याभोंवतीं गवती छपराच्या गोल झोपड्या इतक्या दाटीनें उभ्या केलेल्या कीं, एकीला आग लागली तर वाऱ्याबरोबर शेंकडों जळून जात. ठराविक वेळेखेरीज बाहेर जाण्यास मज्जाव होता; बाहेर सांपडेल तो बंडखोर समजला जाई. २००५ च्या सुमारास उत्तर युगांडांतील सुमारें अठरा लक्ष माणसें या छावण्यांत होतीं, आणि अचोली प्रांतापुरतें पाहिलें तर दहांपैकीं नऊ. त्याच वर्षीं झालेल्या आरोग्यविषयक पाहणींत असें आढळलें कीं, तेथें नेहमींच्या मानानें दर आठवड्यास सुमारें एक हजार मृत्यु अधिक होत होते. हिंवताप, एड्स आणि शस्त्रांचे वार हीं त्यांचीं प्रमुख कारणें.

आतां दारूकडे वळूं. अचोली लोक पूर्वीं दारू पीतच नसत असें मुळींच नाहीं. नाचणीला मोड आणावयाचे, ती वाळवून दळावयाची, आणि तें पीठ पाण्यांत आंबवावयाचें, अशा रीतीनें केलेल्या सौम्य पेयाला ते कोंगो म्हणतात. (नाचणी हें आपण अस्सल कोंकणचें धान्य समजतों; पण तिचें मूळ पूर्व आफ्रिकेच्या उंच मुलुखांत आहे, आणि फार प्राचीन काळीं ती तेथून आपल्याकडे आलेली आहे. म्हणजे अचोली घरांतल्या जात्याला आणि आपल्या जात्याला एकच दाणा ठाऊक आहे.) हें कोंगो केव्हां होई, तें पाहण्यासारखें आहे. आपल्याकडे एका शेतकऱ्याच्या शेतावर सारा गांव इर्जिकीला जातो, तशी त्यांच्याकडे 'अवाक' नांवाची पद्धति होती. आज याचें शेत, उद्यां त्याचें. कामकऱ्यांच्या या मेळाला एक निवडलेला नायक असे. त्याला 'रुवोत क्वेरी' म्हणत, म्हणजे कुदळीचा राजा. दिवसभर खणून झालें कीं ज्याचें शेत असे त्याच्या घरच्या बाईनें आठवडाभर खपून तयार केलेलें कोंगो सर्वांपुढें येई. लग्न, सुगी, मर्तिक, भांडण मिटविण्याची बैठक, अशा प्रसंगींहि तें लागे. शेजारच्या तेसो लोकांत तर एकच मोठें मडकें मध्यें ठेवून भोंवतीं बसलेले वडीलधारे लोक लांब नळ्यांनीं त्यांतून पीत. एकट्यानें पिण्याची सोयच त्यांत नाहीं!

या व्यवस्थेला कुंपण होतें, आणि तें कोणत्याहि कायद्यानें घातलेलें नव्हतें. धान्य असेल तोंवरच कोंगो. पावसाळ्यांत कणग्या रिकाम्या झाल्या कीं तेंहि बंद. तें दोन-तीन दिवसांत आंबून जाई, म्हणून साठवितां येत नसे. पिणारा कोणासमोर पितो आहे हें ठरलेलें असे, आणि त्याच्या वडिलांची नजर त्याच्यावर असे. संध्याकाळीं अंगणांत 'वांग-ओ' नांवाची शेकोटी पेटे. तिच्याभोंवतीं मुलेंबाळें जमत आणि आजोबा-आजी गोष्टींच्या निमित्तानें सांगत कीं, आपलें कूळ कोणतें, कोणाशीं कसें वागावें, काय करूं नये. छावणींत यांपैकीं एकेक गोष्ट गळून पडली. शेत नाहीं, म्हणून अवाक नाहीं. कुदळीच्या राजाला राज्य उरलें नाहीं. अंधार पडल्यावर विस्तव दिसला तर बंडखोर येतील किंवा शेजारची झोपडी पेटेल, म्हणून शेकोटी नाहीं. आणि दीड-दोन हातांच्या अंतरावर परक्या कुटुंबाची भिंत असतांना आजोबांनीं सांगावयाचें तरी काय आणि किती हळू? सगळें गेलें, फक्त पेय राहिलें. पूर्वीं ज्याला प्रसंग लागे, त्याला आतां कोणताहि दिवस चालूं लागला.

पुरुषांची स्थिति विशेष चमत्कारिक झाली. अचोली पुरुषाचा मान त्याच्या गुरांवर आणि कणगीवर अवलंबून असे. गुरें तर बंडाच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच लुटलीं गेलीं होतीं, कणगी मोडली, आणि आतां घरांत येणारें धान्य मदत-संस्थेच्या गाडींतून, पुष्कळदां बायकोच्याच हातीं दिलें जाई. हा नियम चांगल्या हेतूनें केलेला होता, कारण बाईच्या हातीं पडलेला शिधा मुलांच्या पोटांत जाण्याची खात्री अधिक. त्यांत चूक काढण्याचें कारण नाहीं. परंतु सकाळीं उठून कोठेंहि जावयाचें नाहीं, कोणी वाट पाहत नाहीं, मुलगा विचारतो त्याला उत्तर नाहीं, अशा माणसाला दिवसाचे बारा तास फार लांब असतात, हेंहि तितकेंच खरें.

येथवर वाचून वाचकाला वाटेल कीं पुरुष पितो आणि बाई सोसते, एवढीच ही कथा. ती इतकी सोपी असती तर बरें झालें असतें. छावणींत दारू गाळीत कोण असे? बहुतेक ठिकाणीं बायकाच. शिधा मिळे तो धान्याचा; मीठ, साबण, रॉकेल, औषध, वही, गणवेष यांना रोख पैसा लागे, आणि छावणींत रोख पैसा मिळविण्याचे मार्ग हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. शेतावर जातां येत नाहीं, बाजार दूर, मजुरी नाहीं. मग शिध्यांतला मका किंवा विकत घेतलेला कसावा आंबवावयाचा आणि त्याची दारू गाळून विकावयाची, हा धंदा उरतो. युगांडांत १९९७ पासून प्राथमिक शाळेची फी माफ झाली होती. पण गणवेष, पुस्तकें, परीक्षेचा खर्च आणि पुढें माध्यमिक शाळेची फी हीं कांहीं माफ नव्हतीं. ती फी कित्येक घरांत गाळलेल्या दारूच्या पैशांतून भरली गेली. ज्या झोपडींत एका मुलाचा बाप दारूनें निकामी होऊन पडला आहे, त्याच्या शेजारच्या झोपडींत तीच दारू विकून दुसऱ्या मुलाला वर्गांत बसावयास जागा मिळाली आहे. आणि कधीं कधीं या दोन झोपड्या वेगळ्या नसून एकच असे. आपण शाळेंत शिकणारीं माणसें आहोंत. या बाईला आपण काय सांगणार, हा प्रश्न मला तरी सोपा वाटत नाहीं.

सौम्य कोंगो मागें पडून गाळलेली कडक दारू पुढें आली, यालाहि कारण आहे. पदार्थविज्ञानाच्या वर्गांत आपण शिकतों कीं पाणी शंभर अंशांवर उकळतें आणि मद्यार्क सुमारें अठ्ठ्याहत्तर अंशांवर. आंबवण तापविलें असतां मद्यार्काची वाफ आधीं निघते. ती नळीवाटे थंड पाण्यांतून नेली कीं थेंबाथेंबानें कडक दारू मिळते. हीच हातभट्टी. अचोली भाषेंत या दारूला 'अरेगे' म्हणतात. अरेगे नासत नाहीं, बाटलींत राहते, थोडी विकली तरी पैसा अधिक येतो. दाटीच्या, टंचाईच्या, रोखीच्या जगाला ती सोयीची. पण तिला सरपण फार लागतें. छावणीच्या जवळपासचीं झाडें एक-दोन वर्षांत तुटून गेलीं. मग मोळीसाठीं बायकांना हद्दीबाहेर दूरवर जावें लागे, आणि बाहेर तर बंडखोरांचें भय. म्हणजे पिणाराच्या पेल्यांत पडलेल्या प्रत्येक घोटामागें कोणा बाईनें जिवावर उदार होऊन आणलेलें लांकूड होतें. पुढें पुढें कारखान्यांतली दारू प्लॅस्टिकच्या इवल्याशा पुड्यांत येऊं लागली. एक पुडी म्हणजे एक-दोन घोट, किंमत अगदीं किरकोळ, खिशांत मावणारी. ज्याच्याजवळ बाटलीचे पैसे नाहींत त्यालाहि ती परवडे, आणि शाळेच्या मुलालाहि.

आतां माणूस पितो कां, तें पाहूं. 'चैनीसाठीं' हें उत्तर येथें लागू पडत नाहीं. ज्यानें आपल्या भावाला डोळ्यांदेखत मारलेलें पाहिलें, किंवा ज्याला लहानपणीं पळवून नेऊन दुसऱ्याला मारावयास लावलें, त्याला रात्रीची भीति वाटते. शरीर बिछान्यावर पडतें, पण मन पहाऱ्यावर उभें राहतें. पान हललें तरी छाती धडधडते. पहिल्या महायुद्धानंतर तोफांच्या माऱ्यांतून परतलेल्या शिपायांत डॉक्टरांना हीच अवस्था दिसली होती. आतां तिला आघातोत्तर मनोविकार असें म्हणतात. मेंदूंत एका पेशीनें दुसरीला थोपवून धरण्याचें जें एक नैसर्गिक रसायन असतें, त्याचा परिणाम मद्यानें वाढतो; म्हणून दोन पेल्यांत तो पहारेकरी खालीं बसतो आणि झोंप येते. एवढें खरें आहे, आणि पिणाराला तें अनुभवानें कळलेलें असतें. पण पुढचें त्याला कळत नाहीं. मद्यानें आणलेली झोंप मध्यरात्रीनंतर तुटते. पहिल्या प्रहरांत दाबून टाकलेलीं स्वप्नें पहाटे दुप्पट जोरानें वर येतात. कांहीं आठवड्यांत मेंदू त्या मात्रेला सरावतो आणि तेवढ्याच झोंपेसाठीं अधिक पेले लागतात. मग एके दिवशीं दारू मिळाली नाहीं तर हात कांपतात, घाम सुटतो, भास होतात, आणि ती भीति मूळच्या भीतीहून मोठी असते. औषध म्हणून घेतलेल्या वस्तूनें दुखणें वाढविलें, असें हें वर्तुळ आहे. उत्तर युगांडांत विस्थापितांच्या ज्या पाहण्या झाल्या त्यांत ज्यांनीं अधिक आघात सोसले त्यांच्यांत मद्याचा विकार अधिक, आणि बायकांपेक्षां पुरुषांत तो कितीतरी पट, असेंच दिसून आलें आहे.

यावर कोणी म्हणेल, बंदी कां घातली नाहीं? बंदी होतीच! स्वतंत्र झाल्यावर थोड्याच वर्षांत युगांडानें घरगुती दारू गाळण्यावर परवान्याचें बंधन घातलें. तिकडच्या खेड्यांतील दारू सरकारमान्य कारखान्यानें घ्यावी, शुद्ध करावी आणि 'युगांडा वारागी' या नांवानें विकावी, अशी योजना होती. वारागी प्रसिद्धीस आली, आणि खेड्यांतल्या भट्ट्याहि चालूच राहिल्या. आपल्याला यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें ठाणें-कुलाब्याकडील आदिवासींच्या घरच्या मोहाच्या दारूवर बंदी येऊन ती मक्तेदाराच्या भट्टींत गेली, तेव्हां पिणें कमी झालें नाहीं. फक्त पिणाराचा पैसा आणि जमीन मक्तेदाराकडे व सावकाराकडे गेली. याच्या उलट, १९२२ सालीं दक्षिण गुजराथेंत आणि ठाणें जिल्ह्याच्या उत्तर टोंकाला देवीच्या नांवानें जी चळवळ पसरली, तिच्यांत पाडेच्या पाडे एकत्र बसून दारू सोडण्याच्या शपथा घेते झाले. ती सर्वत्र टिकली नाहीं. परंतु ज्या गांवाला गांवपण आहे त्यालाच असा ठराव करतां येतो, हें तींतून दिसतें. चाळीस खेड्यांतलीं माणसें एका कुंपणांत कोंबलीं म्हणजे तें गांव होत नाहीं, आणि तेथें शपथ कोणी कोणासमोर घ्यावयाची?

दुसरें उदाहरण अफगाणिस्तानचें. तेथें दारू धर्मानें वर्ज्य, तेव्हां तिची जागा अफूनें घेतली. विस्थापित माणूस काय घेतो हें बहुधा त्याच्या मनानें ठरत नाहीं. आसपासच्या जमिनींत काय पिकतें आणि कोणती वस्तु हाताशीं येते, यानेंच तें ठरतें. १९७९ च्या डिसेंबरांत सोव्हिएट फौजा अफगाणिस्तानांत शिरल्या, आणि पुढच्या दहा वर्षांत सुमारें साठ लक्ष अफगाण पाकिस्तान व इराण या शेजारच्या देशांत आश्रयाला गेले. अफूला ते 'तर्याक' म्हणतात. बदख्शानसारख्या दुर्गम प्रांतांत जेथें डॉक्टर कधीं पोंचलाच नाहीं, तेथें खोकला, जुलाब, सांधेदुखी, सर्वांवर तीच एक मात्रा असे. पण हेरॉईनशीं पुष्कळांची पहिली गांठ पडली ती परदेशांतच. पाकिस्ताननें १९७९ सालींच अफूचीं परवान्याचीं दुकानें बंद केलीं होतीं. थोड्याच काळांत सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या मुलुखांत अफूपासून हेरॉईन करण्याच्या भट्ट्या निघाल्या आणि पेशावर-कराचीच्या गल्ल्यांत तिची पूड स्वस्तांत मिळूं लागली. इराणांत अफगाणांना कष्टाचींच कामें करावयास मुभा होती: विटभट्ट्या, बांधकाम, विहिरी खणणें. घरापासून दूर, दहा-दहा जण एका खोलींत, चौदा तास वीट वाहणाऱ्या तरुणाला अफू प्रथम भेटली ती थकवा घालविणारी सोबतीण म्हणून. पुढें तिच्या जागीं पूड आली. पूड ओढणाऱ्याला आजहि काबूलमध्यें 'पोदरी' म्हणतात.

तालिबानांची पहिली राजवट पडल्यावर २००२ या एकाच वर्षांत सुमारें अठरा लक्ष निर्वासित मायदेशीं परतले. परततांना कित्येकांच्या अंगांत ही संवयहि आली. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीप्रमाणें २००५ सालीं तेथें हेरॉईन नियमानें घेणारे सुमारें पन्नास हजार होते. २००९ सालीं ते एक लक्ष वीस हजारांच्या घरांत गेले, आणि अफू घेणारे दीड लक्षांवरून दोन लक्ष तीस हजारांवर. सर्व प्रकारचीं मादक द्रव्यें धरलीं तर दहा लक्षांच्या आसपास प्रौढ माणसें त्यांच्या आहारीं गेलेलीं होतीं. काबूल शहरांत 'पुल-इ-सोख्ता' नांवाचा एक पूल आहे. त्या नांवाचा अर्थ जळका पूल. त्याच्या कमानीखालीं, सांडपाण्याच्या चिखलांत, शेंकडों माणसें वर्षानुवर्षें राहत असत. त्यांत शिकलेले होते, कारागीर होते, आणि इराणांतून सरहद्दीवर आणून सोडलेले, घरीं जावयास लाज वाटणारे मजूर पुष्कळ होते.

२००९ च्या त्याच पाहणींत एक गोष्ट अशी होती कीं, ती वाचतांना मन थबकतें. उत्तर व दक्षिण भागांतील अफू घेणाऱ्या आईबापांपैकीं निम्म्यापर्यंत लोक आपल्या मुलांनाहि ती देत. उत्तरेकडे तुर्कमान बायका दिवसचे दिवस गालिचे विणतात. मूल रडलें तर माग थांबतो, माग थांबला तर पैसा थांबतो. म्हणून अफूचा कण देऊन त्याला निजवावयाचें. हें वाचून आपण त्या मातांना क्रूर म्हणण्याची घाई करूं नये. शंभर वर्षांपूर्वीं मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका आपल्या तान्ह्या मुलांना अफू घातलेली बाळगोळी देऊन कामाला जात, आणि ती गोळी चाळीखालच्या दुकानांत उघड मिळे. त्याहि बायका कोंकणांतून, घाटावरून, आपल्या सासवा-नणंदांपासून तुटून आलेल्या होत्या. मूल पाहावयास मागें कोणी नव्हतें. युद्ध नसतांना मुंबईंत जें झालें, तें युद्धानें सर्व काढून घेतलेल्या देशांत झालें यांत आश्चर्य तें काय? गिरण्यांत पाळणाघरें काढावीं अशी मागणी पुढें झाली, तिच्या मागें या गोळीचें भयहि होतें. पाळणाघर हा अफूवरचा उपाय आहे, असें वैद्यकाच्या पुस्तकांत सांपडणार नाहीं. पण तो आहे.

२०२२ च्या एप्रिलमध्यें तालिबान सरकारनें खसखशीच्या लागवडीवर बंदी घातली आणि ती कडकपणें अमलांत आणली. २०२२ सालीं लागवड दोन लक्ष तेहेतीस हजार हेक्टरांवर होती. ती पुढच्या वर्षीं दहा हजार आठशें हेक्टरांवर आली. अफू इतकी कमी झाल्याचें उदाहरण दुसरीकडे क्वचितच सांपडेल. परंतु त्याच्या आधीं कांहीं वर्षें तेथील डोंगरांवर आपोआप उगवणाऱ्या एफेड्रा नांवाच्या झुडुपापासून मेथाम्फेटामीन हें उत्तेजक द्रव्य काढण्याची विद्या पसरून चुकली होती. तिकडे त्याला 'शीशा', म्हणजे कांच म्हणतात. आणि घेणारांची रीघहि थांबलेली नाहीं. २०२३ च्या शरद ऋतूपासून पाकिस्ताननें अफगाणांना परत पाठविण्यास आरंभ केला. २०२५ सालीं इराणनेंहि लक्षावधि लोक इस्लाम काला येथील नाक्यावरून बाहेर काढले. त्यांतील कित्येकांचा जन्म इराणांतच झालेला. ते ज्या देशांत 'परत' गेले, तो त्यांनीं पूर्वीं पाहिलेलाहि नव्हता.

अशा ठिकाणीं करण्यासारखें काय असतें? युद्धग्रस्त छावण्यांत पहिली धांव पाणी, धान्य, तंबू आणि गोंवरासारख्या सांथींवरच्या प्रतिबंधाची असते, आणि ती तशीच असली पाहिजे. पण त्यामुळें व्यसनाचा विचार पुष्कळ काळ कोणाच्याच यादींत नव्हता. २००७ सालीं मदत-संस्थांनीं मिळून मानसिक आरोग्याविषयीं जीं मार्गदर्शक सूत्रें तयार केलीं, त्यांत दारू व मादक द्रव्यांचें नुकसान कमी करण्याविषयीं एक स्वतंत्र प्रकरण आलें. आणि पुढच्याच वर्षीं निर्वासितांसाठींच्या राष्ट्रसंघीय कचेरीनें व जागतिक आरोग्य संघटनेनें मिळून छावणींत याची पाहणी झटपट कशी करावी, याचें छोटें पुस्तक काढलें. त्यांतला रोख साधा आहे. छावणी उभी राहतांच विचारा कीं येथें काय प्यालें जातें, कोण गाळतें, कोणाला विकतें, कोणत्या वेळीं मारामाऱ्या होतात. दवाखान्यांत हिंवतापासाठीं आलेल्या माणसाला दोन शब्द त्याच्या झोंपेबद्दल विचारा. एकदम दारू तोडणाऱ्याला झटके येऊन तो मरूंहि शकतो, म्हणून औषधाची सोय ठेवा. काबूलमध्यें पुलाखालून उचलून नेलेल्या माणसाचें शरीर दहा-पंधरा दिवसांत अफूपासून मोकळें करतां येई. तें काम अवघड असलें तरी ठाऊक असलेलें होतें. त्यानंतर त्याला सोडावयाचें कोठें, हें कोणालाच ठाऊक नव्हतें, आणि बहुतेक जण पुन्हां त्याच कमानीखालीं जात. दारू गाळणाऱ्या बाईला शिवणयंत्र किंवा कोंबड्या दिल्या तर कांहीं जणी भट्टी मोडतात. ज्यांना त्यांत तेवढा पैसा मिळत नाहीं त्या मोडीत नाहींत. यांत आळस किंवा दुष्टपणा शोधण्यापेक्षां हिशेब पाहावा, असें मला वाटतें.

युगांडांत २००६ च्या ऑगस्टमध्यें सरकार व बंडखोर यांच्यांत लढाई थांबविण्याचा करार झाला. पुढच्या चार-पांच वर्षांत छावण्या हळूहळू रिकाम्या झाल्या आणि लोक आपापल्या जमिनीवर परतले. दहा-पंधरा वर्षांच्या रानानें गिळलेलीं शेतें, बुजलेले बांध, आणि सीमेच्या खुणा ठाऊक असलेले म्हातारे छावणींतच मेलेले. म्हणून जमिनीचीं भांडणें पुष्कळ झालीं. छावणींत जन्मलेल्या तरुणांना नांगरणी येत नव्हती, पण अरेगेची चव ठाऊक होती. कांहीं खेड्यांत कुदळीचे राजे पुन्हां निवडले गेले आणि दुपारच्या आधीं कोणी दारू विकावयाची नाहीं असे ठराव झाले. प्लॅस्टिकच्या पुड्यांतील दारूवर २०१९ सालीं साऱ्या देशांत बंदी आली.

इतक्यांत सरहद्दीपलीकडे दक्षिण सुदानमध्यें यादवी पेटली. २०१७ च्या एप्रिलमध्यें अचोली मुलुखांतील लामवो जिल्ह्यांत पालाबेक येथें तिकडच्या निर्वासितांसाठीं नवी वसाहत उघडण्यांत आली. येणारांत पुष्कळ जण अचोलीच बोलणारे होते, आणि ज्यांनीं त्यांना जागा दिली ते स्वतः दहा वर्षांपूर्वीं छावणींतून उठून आलेले. या वेळीं कुंपण नाहीं. प्रत्येक कुटुंबाला झोपडीपुरती आणि थोड्या भाजीपाल्यापुरती जमीन मिळते. शिधा मात्र पूर्वींसारखाच, आणि तोहि पैशाच्या टंचाईमुळें वेळोवेळीं कमी झालेला. तेथल्या बायकांनीं मक्याचा कांहीं भाग बाजूला काढून आंबवावयास ठेवला आहे, आणि त्यांच्या मुलांच्या शाळेची फी सत्राच्या आरंभीं भरावयाची असते.